काहिलीतल्या रसाची किंमत कोण ठरवणार?



वार्षिक सभेचा अहवाल घरी आला म्हणजे आपण त्यात काय पाहतो? आधी ऊसदर, मग उतारा, मग लाभांश, आणि नंतर फोटोत आपल्या गावचे कोण उभे आहे ते. ताळेबंदाच्या मागच्या पानापर्यंत फार थोडे जातात. तिथे 'शिल्लक मालसाठा' या मथळ्याखाली तयार साखर, मळी, स्टोअरचे सामान अशा ओळी असतात. त्यांच्यातच एक ओळ असते, 'प्रक्रियेतील माल'. तिच्यापुढे एक आकडा असतो. हा आकडा कुठून आला, असे कोणी सभासदाने उठून विचारल्याचे मी तरी आजवर ऐकलेले नाही. साखरेची पोती मोजता येतात, मळीच्या टाकीला माप लावता येते. पण जो माल ना धड रस आहे ना धड साखर, त्याची किंमत कशी करायची?

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हा प्रश्न नवा वाटू नये. संध्याकाळी हिशेबाला बसावे तर दहा आदणांचा गूळ वाफ्यातून निघून ढेपा झालेल्या आहेत आणि अकरावे आदण अजून काहिलीत उकळते आहे. आजचा ढेपेमागे खर्च किती आला? अकराव्या आदणाचा ऊस तोडून झाला, गाळून झाला, तो पुरा खर्च झाला. जळण मात्र निम्मेच लागले, गुळव्याची मेहनतही निम्मीच. हा खर्च दहा आदणांच्या ढेपांवर टाकला तर आजचा गूळ उगाच महाग दिसेल. काहिलीतला रस म्हणजे तयार गूळच समजला तर तो उगाच स्वस्त दिसेल. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. ते मध्ये नेमके कुठे, हे ठरवण्याच्या शास्त्राला पुस्तकात 'प्रक्रिया परिव्यय' असे भारदस्त नाव आहे. कारखान्याच्या ऑफिसात त्याला सरळ प्रोसेस कॉस्टिंग म्हणतात.

हे शास्त्र मी पुस्तकापेक्षा कल्याणच्या पलीकडच्या पट्ट्यात जास्त शिकलो. ऐन उमेदीची काही वर्षे मी अंबरनाथला एका रसायनाच्या कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात काढली. खोली बदलापूरला होती, आणि येणेजाणे लोकलने. तो सगळा पट्टा म्हणजे या विषयाची उघडी शाळाच होती. अंबरनाथला शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर. त्याच गावात १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना. तिथे लाकूड सोलणे, काड्या कापणे, त्या मसाल्यात बुडवणे, पेटीत भरणे अशी एकामागून एक खाती, आणि एका खात्याचा तयार माल म्हणजे पुढच्या खात्याचा कच्चा माल. बदलापूरला औद्योगिक वसाहतीत रंग-रसायनांचे छोटे-मोठे कारखाने. त्यांचे काम घाण्याघाण्याने चालायचे, म्हणून हिशेबही घाण्यागणिक, तो तुलनेने सोपा. आणि उल्हासनगरच्या हद्दीत, शहाडला, सेंच्युरी रेयॉन.

रेयॉनची कृती थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या साखरेच्या कृतीची चुलतबहीण शोभेल. लाकडाच्या लगद्याचे पत्रे कॉस्टिक सोड्यात भिजवतात, दाबून पिळतात, त्याचा चुरा करतात आणि तो मुरायला ठेवतात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडले की चुरा नारिंगी होतो. तो पुन्हा सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट व्हिस्कोज तयार होतो. तो पिकू द्यायचा, गाळायचा, आणि बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडायचा, म्हणजे त्याचा धागा होतो. गंधक त्यांनाही लागते आणि रस निवळायला आपल्यालाही लागते. पण महत्त्वाचे साम्य वेगळेच आहे. ही साखळी मध्येच थांबवता येत नाही. व्हिस्कोज जास्त वेळ पडून राहिला तर त्याचे दही होते आणि नळ्या तुंबतात. म्हणून महिनाअखेरच्या रात्री बारा वाजता सुद्धा मुरवणीचे डबे भरलेले, टाक्या भरलेल्या, हौदात धागा चालू. पॅन, क्रिस्टलायझर आणि सिरपच्या टाक्या भरलेल्या असताना आपल्या कारखान्यात ३१ मार्च उजाडतो, तसेच हे.

अशा ठिकाणी हिशेब कसा करतात, हे मला सगळ्यांत सोप्या शब्दांत सांगितले ते कोणा पदवीधराने नव्हे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि सिंधी बांधवांनी त्या बराकींतून उद्योग उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सर्वांनी ऐकलेला आहे. कॅम्प पाचला जीन्स शिवणाऱ्या एका मालकाकडे मी ओळखीने दिवाळीच्या हिशेबाला बसलो होतो. अर्धवट शिवलेल्या पँटींचा ढीग पाहून मी विचारात पडलो. तो म्हणाला, "बाबूजी, कपडा तो पूरा कट गया ना, वो पूरा गिनो. सिलाई आधी हुई, वो आधी गिनो." झाले. आमच्या परीक्षेच्या पुस्तकात याच गोष्टीला पानेच्या पाने लागली होती. शंभर अर्धवट पँटी म्हणजे कापडाच्या हिशेबाने शंभर आणि शिलाईच्या हिशेबाने पन्नास. या पन्नासाला पुस्तकात 'समतुल्य एकके' म्हणतात.

आता जरा आकडे घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, कोणत्या कारखान्याचे नाहीत. एका खात्यात १ तारखेला २०० पिंपे अर्धवट आहेत. कच्चा माल त्यांत पुरा पडलेला आहे, मजुरी आणि वाफ मात्र निम्मीच. मागच्या महिन्यात त्यांच्यावर कच्च्या मालाचे ८,००० आणि मजुरी-वाफेचे १,५०० रुपये चढलेले आहेत. या महिन्यात १,८०० पिंपे नवी घेतली. त्यांचा कच्चा माल ९०,००० रुपयांचा, आणि महिन्याची मजुरी-वाफ ४०,८०० रुपयांची. महिनाअखेर १,६०० पिंपे पुरी होऊन गेली आणि ४०० निम्म्यावर राहिली.

भारित सरासरीची, म्हणजे वेटेड ॲव्हरेजची पद्धत म्हणते की जुने-नवे असा भेद करूच नका. कच्च्या मालाचा जुना-नवा खर्च मिळून ९८,०००. त्याला पुरी १,६०० अधिक शिल्लक ४०० अशा २,००० ने भागा, पिंपाला ४९ रुपये येतात. मजुरी-वाफेचा खर्च मिळून ४२,३००. त्याला पुरी १,६०० अधिक शिल्लक ४०० ची निम्मी २००, म्हणजे १,८०० ने भागा, साडेतेवीस रुपये येतात. एका पिंपाचा खर्च ७२ रुपये ५० पैसे. पुऱ्या झालेल्या मालाची किंमत १,१६,००० आणि खात्यात राहिलेल्या मालाची २४,३००. बेरीज १,४०,३००, जेवढा खर्च झाला तेवढीच. एक पैसा इकडे-तिकडे नाही.

इथपर्यंत सगळे स्वच्छ आहे. गोम पुढे आहे.

त्या ४०० पिंपांची मजुरी 'निम्मी' झाली, हे कोणी ठरवले? काट्यावर घालून ते कळत नाही. खात्याचा सुपरवायझर सांगतो आणि कारकून लिहितो. समजा त्याने निम्म्याऐवजी पाऊण लिहिले. मग भागायचे १,९०० ने, मजुरी-वाफ येते २२ रुपये २६ पैसे, आणि राहिलेल्या मालाची किंमत २४,३०० ची होते २६,२७९. म्हणजे १,९७९ रुपये खर्चातून उठून साठ्यात जाऊन बसले. तेवढा नफा वाढला. एक पिंप जास्त निघाले नाही, एक पैसा कोणी दिला नाही, फक्त पन्नासच्या जागी पंचाहत्तर लिहिले गेले. मी जिथे होतो तिथे मार्चअखेर एकदा मी वरिष्ठांना विचारले होते की टक्के किती टाकू. उत्तर आले, "आधी नफा किती दाखवायचा आहे ते वरून येऊ दे." हे मी कोणाची निंदा म्हणून सांगत नाही. प्रत्येक वर्षी असे होई असेही नाही. पण दार उघडे होते, आणि कोणी पाहत नव्हते, एवढे खरे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडचा अर्धवट माल म्हणजे निवळलेला रस, सिरप, ए, बी आणि सी मॅसिक्यूट, आणि पुन्हा पॅनवर जाणारी मधली मळी. ३१ मार्चच्या आत हंगाम संपला तर हा साठा शून्य असतो आणि प्रश्नच उरत नाही. पण सगळे हंगाम असे नसतात. २०२१-२२ साली ऊस इतका होता की राज्यात काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत चालले. अशा वर्षी ३१ मार्चला कारखाना भरलेल्या पोटानिशी वर्ष बदलतो.

आपले चीफ केमिस्ट हा साठा अंदाजपंचे काढत नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. प्रत्येक टाकीची उंची मोजतात, ब्रिक्स आणि पोल काढतात आणि एका जुन्या सूत्राने त्यातून साखर किती निघेल ते ठरवतात. सूत्राचे मर्म एवढेच, की मालात असलेली सगळी साखर पोत्यात येत नाही, काही शेवटच्या मळीबरोबर जाते. शेवटच्या मळीची प्युरिटी ३० धरली, तर ८५ प्युरिटीच्या सिरपमधल्या १०० किलो साखरेपैकी सुमारे ९२ किलो पोत्यात येईल. ७५ प्युरिटीच्या मॅसिक्यूटमधल्या १०० किलोतून ८६, आणि ५५ प्युरिटीच्या सी मॅसिक्यूटमधल्या १०० किलोतून ६५. समतुल्य एकके म्हणतात ती हीच. केमिस्टमंडळी ती कितीतरी वर्षे काढत आली आहेत, त्यांनी फक्त नाव वेगळे ठेवले.

पण यात 'शेवटच्या मळीची प्युरिटी ३० धरली' असे मी म्हटले. धरली! ती मळी अजून निघायची आहे. कोणी ती २८ धरील, कोणी ३२. सी मॅसिक्यूटमध्ये १०० टन साखर अडकलेली असेल, तर २८ धरल्यावर त्यातून ६८ टन निघेल असे दिसते आणि ३२ धरल्यावर साडेएकसष्ट टन. फरक साडेसहा टनांच्या वर, म्हणजे ६५ क्विंटलांहून जास्त. २०१९ च्या फेब्रुवारीत ठरलेला क्विंटलला ३,१०० रुपयांचा किमान विक्रीदर धरला तरी हे दोन लाखांवर जाते, आणि तेही एकाच प्रकारच्या मालात, एका आकड्याच्या दोन अंशांनी इकडे-तिकडे झाल्याने. खरे काय ते हंगाम संपून टाक्या खाली झाल्या की कळते, कारण साखर लपून राहत नाही. पण तोवर ३१ मार्चचा ताळेबंद बंद झालेला असतो. जास्त धरलेली साखर न निघाल्याचा तोटा पुढच्या वर्षाच्या पोटात गुपचूप जातो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे आणि ती हिशेबनीसांच्या बाजूची आहे. सिरपवर वाफ आणि मेहनत थोडी झालेली असते, पण त्यातून साखर जास्त निघणार. सी मॅसिक्यूट तीनदा पॅनवर शिजलेला आणि क्रिस्टलायझरमध्ये फिरत निवत पडलेला. त्यावर मेहनत सर्वांत जास्त झाली, पण त्यातून साखर सर्वांत कमी निघणार. दोन्ही गोष्टी उलट्या दिशेने चालतात. अशा ठिकाणी सगळ्या अर्धवट मालाला मिळून एकच टक्का लावणे म्हणजे कापडाला आणि शिलाईला एकच माप लावण्यासारखे आहे. कॅम्प पाचच्या त्या जीन्सवाल्याने ते केले नसते. उसाची किंमत निघणाऱ्या साखरेवर वाटावी, आणि वाफ, मजुरी, चुना-गंधक यांचा खर्च झालेल्या कामावर वाटावा. बी-हेवी मळी इथेनॉलला द्यायची असेल तर हिशेब आणखी बदलतो. जो माल सी पॅनवर जाणारच नाही त्यातून उद्या साखर निघेल असे धरून चालत नाही.

आता पद्धतीविषयी माझे मत. भारित सरासरी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. लेखामानकांना ती मान्य आहे, आणि बाराही महिने एकाच चालीने धावणाऱ्या रेयॉनच्या कारखान्याला ती शोभते. आपल्या वार्षिक हिशेबातही ती फारसे नुकसान करीत नाही, कारण ज्या वर्षी आरंभीचा साठा शून्य असतो त्या वर्षी ही पद्धत आणि 'आधी आलेले आधी गेले' ही पद्धत, जिला फिफो म्हणतात, दोघींचे उत्तर एकच येते. पण महिन्याच्या विवरणात ती झोपेचे औषध आहे. वरचेच उदाहरण पुन्हा पाहा. मागच्या महिन्याची किंमत होती कच्च्या मालाचे ४० आणि मजुरी-वाफेचे १५, एकूण ५५ रुपये. या महिन्याची स्वतःची किंमत काढली तर येते ५० अधिक २४, म्हणजे ७४. सरासरी दाखवते साडेबहात्तर. दीड रुपया जुन्या स्वस्त मालाच्या पांघरुणाखाली झाकला गेला. आरंभीचा साठा जितका मोठा तितके पांघरूण मोठे. नोव्हेंबरात उतारा कमी, फेब्रुवारीत जास्त. मध्ये बॉयलर दोन दिवस बंद पडला, मिल थांबली, बगॅसमधून साखर जास्त गेली, हे सगळे त्या त्या महिन्याच्या माथी दिसले पाहिजे. संचालक मंडळापुढे येणाऱ्या मासिक पत्रकात म्हणून फिफोचा आकडा शेजारी असावा. वर्षाचा ताळेबंद सरासरीने करायचा असेल तर खुशाल करा.

तरी माझ्या मते खरे भांडण पद्धतीचे नाहीच. सरासरी की फिफो यात काही हजारांचा फरक पडेल. टक्का पन्नास की पंचाहत्तर, आणि मळी २८ ची की ३२ ची, यात लाखांचा पडतो. पुस्तके पहिल्यावर पाने खर्च करतात आणि दुसरे एका ओळीत उरकतात, ही पुस्तके लिहिणाऱ्यांची सोय झाली.

यावर ऑफिसातून उत्तर येईल की लेखापरीक्षक हे तपासतात, सभासदांनी यात कशाला पडावे? लेखापरीक्षकांविषयी मला आदर आहे. पण ते केमिस्ट नाहीत. चीफ केमिस्टच्या सहीचा दाखला आला की तो आकडा ते धरून चालतात, आणि दुसरे काय करणार? त्यातून, खासगी साखर कंपन्यांना कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनी परिव्ययाच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. आपली संस्था सहकार कायद्याखालची, तो नियम आपल्याला नाही. म्हणजे ज्या कारखान्याचे मालक ऊस घालणारे सभासदच आहेत, तिथे मालकाला खर्चाची कमी माहिती मिळते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जे उभे केले, त्याचा पाया सभासदाच्या भांडवलावर आणि विश्वासावर होता. गाडगीळ तर अर्थशास्त्रज्ञ. अशा प्रश्नावर त्यांनी सभासदाला गप्प बसवले असते असे मला वाटत नाही.

आणि यात सभासदाचे काय जाते, तेही बोललेच पाहिजे. एफआरपी तर कायद्याने मिळायचीच. २०२५-२६ साठी ती सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरली. पण एफआरपीच्या वर जे काही द्यायचे, लाभांश असो वा जादा हप्ता, ते नफ्यातून. यंदाचा नफा अर्धवट मालाच्या जोरावर फुगवला तर पुढच्या वर्षीचा तेवढाच खाली जातो, आणि ऊस घालणारे दोन्ही वर्षी तेच नसतात. यंदा ज्याचा आडसाली तुटला तो पुढच्या वर्षी त्या रानात सोयाबीन करतो. नफा दाबून ठेवला तरी अन्याय होतो, फक्त उलट्या बाजूने. निवडणुकीच्या वर्षी कोणती बाजू सोयीची असते हे मी लिहायला नको.

म्हणून माझी सूचना अशी. अहवालातली 'प्रक्रियेतील माल' ही एक ओळ फोडून लिहावी. रस, सिरप, ए, बी, सी असा माल किती टन, त्यात साखर किती, त्यातून पोत्यात येणारी किती धरली, शेवटच्या मळीची प्युरिटी काय धरली, आणि वाफ-मजुरीचे काम किती टक्के झाले असे धरले, हे सगळे छापावे. शेजारी मागच्या वर्षीचे धरलेले आकडे आणि हंगाम संपल्यावर प्रत्यक्षात निघालेली मळीची प्युरिटी द्यावी. अर्धे पान पुरेल. एवढ्या जागेत दरवर्षी अभिनंदनाचे ठराव छापून येतातच. ही माहिती कारखान्याकडे आहे, कोणाला नव्याने काही करायचे नाही. धरलेली आणि निघालेली प्युरिटी दोन-तीन वर्षे एकमेकींजवळ आली तर आपल्या केमिस्टसाहेबांचा सत्कार सभेने करावा, मी हार आणीन.

आणि दुसरे असे, की ज्या वर्षी गाळप मार्चच्या पुढे जाईल त्या वर्षी ३१ मार्चच्या रात्री टाक्यांची मापे घेताना दोन सभासद तिथे उभे असावेत. संचालक नकोत, साधे सभासद. एक शेती समजणारा, आणि दुसरा आपल्यापैकी कोणाचा तरी बी.कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी. त्यांनी काही बोलू नये, फक्त मापाच्या वहीवर सही करावी. रात्रीच्या शिफ्टला चहा कारखान्याचा असतोच.